फेल्प्सचे स्फटिक

घरातील एलसीडी टीव्हीच्या काचेवर पुढे-मागे दोन पातळ पटले असतात. प्रकाशलहरीला एकाच दिशेने डोलू देणे हे त्यांचे काम. ती सोलून काढली तर उरेल नुसता पांढरा उजेड. चित्र नाही, अक्षर नाही.

या पटलांचे मूळ ब्रिस्टलचे. तेथील वैद्य विल्यम हेरापाथ यांचा शिष्य फेल्प्स याने क्विनीन दिलेल्या कुत्र्याच्या मूत्रात (नाक मुरडू नका!) आयोडीन टाकले. हिरवे स्फटिक चमकले. १८५२ साली गुरुजींनी शोध प्रसिद्ध केला. नाव पडले हेरापाथाइट. युनियनच्या कामात केस पिकलेल्या आम्हांस याचे नवल वाटत नाही.

१९२९ साली अमेरिकेत एडविन लँडने या सूक्ष्म स्फटिकांच्या पटलासाठी पेटंटचा अर्ज केला. १९३८ साली त्याने स्फटिकही सोडले. प्लास्टिक ताणून त्याला आयोडीन पाजले. आजची बहुतेक पटले याच रीतीची. क्विनीन गेले, फेल्प्सचे आयोडीन अजून आहे.