फक्त कफ

शिलाई मी आईच्या पायमशीनवर शिकले. अख्खा शर्ट एकटीने शिवते, ही माझी फुशारकी. कारखान्यात लागले तर सुपरवायझर म्हणाला, "ताई, तुम्ही फक्त कफ." दिवसभर कफ! उलटताना कोपऱ्याचं टोक कसं काढायचं, हे हाताला उमगायलाच तीन आठवडे गेले.

म्हणून १९७९ची ती हकीकत वाचताना मी थबकले. नुरुल कादेर यांच्या 'देश गार्मेंट्स'ने १३० बांगलादेशींना दक्षिण कोरियात, बुसानच्या देवू कारखान्यात सहाएक महिने शिकायला धाडलं. देवूचा हा परोपकार नव्हता हं. मल्टिफायबर करारामुळे कोरियन कपड्यांवर कोट्याची मर्यादा होती, बांगलादेशावर नव्हती.

१९८०मध्ये चितगावात काम सुरू झालं. पहिल्या वर्षी ४३,००० शर्ट. मशीन विकत मिळते. पण लाइन कशी लावायची, बंडल कुठे तुंबतंय, काज तिरकं का जातंय, हे त्या माणसांच्या हातात होतं. आणि हात काही मालकाचे नसतात. पुढच्या काही वर्षांत १३०पैकी ११५ जण 'देश' सोडून गेले. मुलूख नव्हे, कंपनी! कुणी स्वतःचा कारखाना काढला, कुणी दुसऱ्याचा उभा करून दिला. कादेरांना हे किती झोंबलं असेल! पण बांगलादेशाचा कपडा-धंदा पसरला तो या गळतीतूनही.

परवा भावाच्या शर्टावर 'मेड इन बांगलादेश' दिसलं. आधी कफ उलटून पाहिला. टोक नीट निघालंय.