चार भुतांचं बारसं

१९७८ साली जपानमध्ये स्पेस इन्व्हेडर्सची लाट आली. रांगेने खाली सरकणारे परग्रहवासी दिसले की गोळी झाडायची, एवढाच त्या खेळाचा मामला. त्या शत्रूंना एकेकाचं नाव नव्हतं आणि त्याची गरजही नव्हती. ज्याला दिसताक्षणी उडवायचं, त्याचं नाव विचारतो कोण?

नाव लागतं ते ज्याच्याशी पुन्हा पुन्हा गाठ पडते त्याला. म्हणून व्हिडिओ गेममधल्या राक्षसांच्या नामकरणाची कथा मला पॅक-मॅनपासून सांगावीशी वाटते.

तोक्योच्या नामको कंपनीतले तोरू इवातानी तेव्हा जेमतेम चोविशीत होते. गेम सेंटरं म्हणजे पुरुषांचे अड्डे झालेत, तिथे मुलींनी आणि जोडप्यांनीही यावं, असं त्यांना वाटे. म्हणून त्यांनी मारण्याऐवजी खाण्याचा खेळ रचला : खेळणाऱ्याचा पॅक-मॅन चक्रव्यूहात ठिपके खात फिरतो आणि शत्रू त्याच्या मागे लागतात. शत्रूही भयानक नकोत, गोजिरे हवेत. टपोरे डोळे, खाली झालर, आणि चौघांचे चार रंग : लाल, गुलाबी, आकाशी, नारिंगी. कंपनीचे अध्यक्ष मासाया नाकामुरा यांना चौघेही लालच हवे होते. इवातानींनी सहकाऱ्यांची मतं घेतली, कौल चार रंगांच्या बाजूने पडला आणि रंग टिकले. तिथे माघार घेतली असती तर पुढची नावं जन्मालाच आली नसती.

खरा पेच मात्र रंगाचा नव्हता. चौघांनाही फक्त पाठलाग करायला सांगितलं, तर ते एकामागे एक रांगेत धावणार आणि खेळ कंटाळवाणा होणार. तेव्हा प्रत्येकाला वेगळा स्वभाव दिला गेला. चक्रव्यूह छोट्या चौकोनी घरांत वाटलेला आहे. लाल राक्षस, पॅक-मॅन ज्या घरात असेल तेच घर गाठायला बघतो. गुलाबी त्याच्या तोंडासमोरची चार घरं पुढची जागा धरतो, म्हणजे वाट अडवतो. आकाशीचा हिशोब सर्वांत गुंतागुंतीचा आहे. पॅक-मॅनच्या दोन घरं पुढचा बिंदू घ्यायचा, लाल राक्षसापासून तिथवर रेघ ओढायची आणि तेवढीच पुढे वाढवायची. रेघ संपेल ते त्याचं लक्ष्य. त्यामुळे लाल जवळ असला की आकाशीही अंगावर येतो, लाल लांब असला की हा भलतीकडेच भटकतो. नारिंगी आठ घरांपेक्षा लांब असेतो जोरात मागे लागतो आणि जवळ आला की पाठ फिरवून डावीकडच्या खालच्या कोपऱ्याकडे निघतो. मधूनमधून चौघेही पाठलाग सोडून काही सेकंद आपापल्या कोपऱ्याकडे वळतात. सतत हल्ला झाला तर खेळणारा वैतागेल, हे इवातानींनी ओळखलं होतं.

आणि नावं निघाली ती या स्वभावांतून. २२ मे १९८० रोजी शिबुयामध्ये हा खेळ पहिल्यांदा लोकांसमोर चाचणीसाठी ठेवला गेला. यंत्रावर कोणी खेळत नसलं की पडद्यावर चौघांची ओळख येई, आधी स्वभाव आणि मग टोपणनाव. लाल तो ओइकाके, पाठलाग करणारा. गुलाबी माचिबुसे, दबा धरून बसणारा. आकाशी किमागुरे, लहरी. नारिंगी ओतोबोके, वेड पांघरून पेडगावला जाणारा. टोपणनावं अनुक्रमे आकाबेइ, पिंकी, आओसुके आणि गुझुता. आका म्हणजे लाल, आओ म्हणजे निळा, आणि बेइ नि सुके ही जुन्या वळणाच्या जपानी पुरुषी नावांची शेपटं. आपण तांबूराव, निळोबा म्हणावं तसं. गुझुता मात्र रेंगाळ्या. तिघांच्या नावात रंग आहे, चौथ्याच्या नाही.

आपल्याकडच्या चकव्याचं नाव याच रीतीचं आहे. तो दिसतो कसा हे कोणी सांगत नाही, करतो काय ते नावच सांगतं, आणि रानातल्या वाटसरूला तेवढं पुरतं.

ऑक्टोबर १९८० मध्ये मिडवे कंपनीने खेळ अमेरिकेत आणला आणि चौघांचं दुसरं बारसं झालं. स्वभाव : शॅडो, स्पीडी, बॅशफुल, पोकी. टोपणनावं : ब्लिंकी, पिंकी, इंकी, क्लाइड. (मूळचे ‘मॉन्स्टर’ तिकडे ‘घोस्ट’ झाले. १९८२ साली अटारीने घरगुती यंत्रासाठी केलेल्या आवृत्तीत चौघे एका वेळी दाखवणं जमेना, ते आळीपाळीने लुकलुकत. तिथे त्यांना भुतंच म्हटलं गेलं.)

सावलीसारखा मागे राहणारा तो शॅडो, इथवर ठीक. पण ‘स्पीडी’ हे नाव मला सरळ चुकलेलं वाटतं. गुलाबी भूत चौघांत काही वेगवान नाही. वेग वाढतो तो लाल भुताचा, ठिपके थोडे उरले की; खेळाडूंनी त्या अवताराला पुढे ‘क्रूझ एलरॉय’ असं स्वतःचं नावही दिलं. गुलाबी भूत तुमच्या पुढची जागा धरतं, म्हणून समोरासमोर आलं असताना थेट त्याच्यावर चाल केली तर ती जागा त्याच्या पाठीमागे जाते आणि वाटेत फाटा असला तर ते बाजूला वळतं. माचिबुसे हे नाव वाचणाऱ्याला निदान विचार करायला जागा होती. स्पीडी वाचणारा नुसता पळत सुटतो.

टोपणनावांत मात्र अमेरिकनांनी बाजी मारली. ब्लिंकी, पिंकी, इंकी असं यमक जुळवत आणायचं आणि चौथ्याला ते तोडायचं, क्लाइड! जपानीत रंग सुटला, इंग्रजीत यमक सुटलं. दोन्हीकडे वेगळा पडला तो एकच, जवळ येऊन पाठ फिरवणारा. यंत्रातल्या पाटीवरची एक जोडणी बदलली की दुसरी नावं दिसण्याचीही सोय होती : मॅकी, मिकी, मकी, मॉकी. चारही एका साच्यातली. ती कुणाच्या तोंडी बसली नाहीत याचं मला नवल वाटत नाही.

पुढच्या खेळांतही पहिल्या तिघांची नावं हलली नाहीत. चौथी जागा मात्र १९८२ च्या मिस पॅक-मॅनमध्ये सूला मिळाली आणि १९८३ च्या ज्युनिअर पॅक-मॅनमध्ये टिमला.

तुम्ही स्वतः खेळ रचत असाल आणि राक्षसाचं नाव अडलं असेल, तर त्याचे सुळे मोजू नका. तो खेळणाऱ्याशी कसा वागतो ते एका ओळीत लिहा, आणि त्या ओळीत नाव शोधा.