भूपरिधीचे योजनमान : शहापूर–मुरबाडच्या पलभेवरून एक विचार

आपल्या पूर्वजांना पृथ्वीचा आकार व तिचा विस्तार हे दोन्ही ठाऊक होते, असे विधान व्याख्यानांतून व लेखांतून वारंवार ऐकू येते. आकाराविषयी वाद नाही. विस्ताराविषयीच्या विधानाची मात्र छाननी व्हावयास हवी. सिद्धांतग्रंथांतील परिधीची योजने घ्यावयाची, योजन किती लांबीचे हे आपल्या सोयीने ठरवावयाचे, आणि गुणाकार आधुनिक मानाशी जुळला की ग्रंथकाराचा जयघोष करावयाचा, ही रीत शास्त्रीय नव्हे. उपपत्तीवाचून गणित मान्य न करणाऱ्या आचार्यांचा तीत गौरवही होत नाही. सबब ग्रंथोक्त माने, त्यांमागील रीत व त्या रीतीची मर्यादा ही येथे क्रमाने पाहू, आणि शेवटी संग्राहकांस एक विनंती करू.

प्रथम माने. आर्यभटाने शके ४२१ (इ. स. ४९९) मध्ये भूव्यास १०५० योजने सांगितला, त्याच्याच व्यासपरिधिप्रमाणाने परिधी सुमारे ३२९९ योजने होतो. वराहमिहिराच्या पंचसिद्धांतिकेत परिधी ३२०० योजने आहे. ब्रह्मगुप्ताने शके ५५० (इ. स. ६२८) मध्ये परिधी ५००० व व्यास १५८१ योजने दिला. सूर्यसिद्धांतात व्यास १६०० योजने आहे. भास्कराचार्यांच्या सिद्धांतशिरोमणीत (शके १०७२, इ. स. ११५०) परिधी ४९६७ योजने व व्यास १५८१ योजने आणि एक चोविसांश योजन असा आहे.

या अंकांकडे जरा निरखून पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. ब्रह्मगुप्ताच्या ५००० या परिधीस १० च्या वर्गमूळाने भागिले म्हणजे १५८१ येतात. भास्कराचार्यांनी हाच व्यास जवळजवळ जसाच्या तसा राखला, आणि १२५० व्यासास ३९२७ परिधी या सूक्ष्मतर प्रमाणाने गुणून ४९६७ योजने परिधी काढला, असे दिसते. म्हणजे ५००० चे ४९६७ झाले ते भूमीवर नवे मापन होऊन नव्हे, तर वर्तुळाचे गणित सुधारल्यामुळे.

आता योजनाचा प्रश्न. आर्यभटाचे योजन ८००० पुरुषांचे, व पुरुष ४ हातांचा. म्हणून योजन ३२००० हातांचे. लीलावतीत २४ अंगुळांचा हात, ४ हातांचा दंड, २००० दंडांचा क्रोश व ४ क्रोशांचे योजन. तेही ३२००० हातांचेच. व्याख्या एक, परंतु व्यास एकाचा १०५० व दुसऱ्याचा १५८१. जे म्हणतात की आर्यभटाचे योजन मोठे व भास्कराचार्यांचे लहान, म्हणून दोघेही बरोबर, त्यांस ही अडचण आधी दूर करावी लागेल. हात १८ इंचांचा धरल्यास योजन सुमारे १४.६ किलोमीटर होते. त्या मानाने आर्यभटाची पृथ्वी परिघास सुमारे ४८००० किलोमीटर व भास्कराचार्यांची सुमारे ७२७०० किलोमीटर भरते. वास्तविक ध्रुवांवरून जाणारा परिघ ४०००८ किलोमीटर आहे. भास्कराचार्यांचे मान खरे ठरावयाचे तर हात अवघा १० इंचांचा धरावा लागतो. क्रोश १००० दंडांचा मानणारी दुसरीही परंपरा आहे. परंतु ती लीलावतीतील नव्हे, आणि दोन ग्रंथांतील परिभाषा एकत्र करून उत्तर जुळविणे न्याय्य नव्हे.

हा दोष केवळ आपल्याकडचा आहे असे नाही. इ. स. पूर्वी तिसऱ्या शतकात इराटोस्थेनीस या यवन पंडिताने अलेक्झांड्रिया व सायीनी या नगरांतील अंतर ५००० स्टेडिया व कोनांतर वर्तुळाचा पन्नासावा भाग धरून परिघ २,५०,००० स्टेडिया काढला. त्याच्या स्टेडियमची लांबी किती, यावर युरोपातील पंडितांत आजही एकवाक्यता नाही.

मान असे संदिग्ध असले तरी रीत मात्र निर्दोष आहे. गोलाध्यायात भास्कराचार्य सांगतात ती अशी : एकाच याम्योत्तर रेषेवरील दोन नगरांचे अक्षांश घ्यावे, त्यांमधील अंतर योजनांत मोजावे, आणि अक्षांशांतरास इतकी योजने तर ३६० अंशांस किती, असे त्रैराशिक करावे. उज्जयिनी ही विषुववृत्तापासून परिधीच्या सोळाव्या भागावर, म्हणजे साडेबावीस अंशांवर आहे, असेही ते म्हणतात. खरे अक्षांश सुमारे २३ अंश ११ कला आहेत. पुढे इ. स. १८०२ पासून लॅम्बटनने मद्रासकडून भूमापन आरंभिले व १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाट येथे त्याचा अंत झाला. त्याच्या कामाचे तत्त्व हेच, साधने मात्र फार सूक्ष्म.

ही रीत आमच्या ठाणे जिल्ह्यातील दोन गावांस लावून पाहू. शहापूर सुमारे १९ अंश २७ कला व मुरबाड सुमारे १९ अंश १५ कला उत्तर अक्षांशावर असून दोन्ही जवळजवळ एकाच याम्योत्तर रेषेवर आहेत. विषुवदिनी मध्यान्ही १२ अंगुळांच्या शंकूची छाया, म्हणजे पलभा, शहापुरास गणिताने ४ अंगुळे १४ व्यंगुळे येते व मुरबाडास ४ अंगुळे ११ व्यंगुळे. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने ग्रहलाघवात (शके १४४२, इ. स. १५२०) दिलेला नियम असा, की पलभेच्या पाचपटीतून पलभेच्या वर्गाचा दशांश वजा केल्यास अक्षांश येतात. त्याप्रमाणे शहापूर १९ अंश २२ कला व मुरबाड १९ अंश १० कला येते. दोहोंत पाच कला उणे. अंतर मात्र १२ कला, बरोबर आहे तितकेच. नियमाची योजना किती मार्मिक आहे हे यावरून दिसेल.

तथापि भूपरिधी काढण्यास ही जोडी निरुपयोगी आहे. दोन छायांत फरक अवघा तीन व्यंगुळांचा, म्हणजे एका अंगुळाच्या विसाव्या भागाचा. एका व्यंगुळाची चूक झाली की परिधी एक तृतीयांशाने चुकला. शिवाय सूर्यबिंबच सुमारे ३२ कलांचे असल्याने छायेची कडा मुळात अंधुक, आणि आपणांस मोजावयाच्या आहेत १२ कला. अंतराचीही तीच गत. सरळ दक्षिणोत्तर अंतर सुमारे २२ किलोमीटर. पण वाट भातसा व काळू यांच्या खोऱ्यांतून वळत जाते. मुरबाडाच्या पूर्वेस नाणेघाटातील सातवाहनकालीन लेखांत हजारांच्या संख्या अंकांनी कोरल्या आहेत. संख्या लिहिणे आमच्या पूर्वजांस अवघड नव्हते, डोंगराळ प्रदेशात सरळ रेषा मोजणे अवघड होते. याउलट चाळीसगावाजवळील पाटण, जेथे भास्कराचार्यांच्या नातवाने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याचा शिलालेख आहे, तेथून उज्जयिनीपर्यंत अक्षांशांतर सुमारे पावणेतीन अंश पडते. तेथे एका व्यंगुळाची चूक चाळिसाव्या भागाइतकीच ठरेल. लांब अंतर हाच या रीतीचा प्राण.

मग चुकीचा परिधी शतकानुशतके टिकला कसा? आमच्या मते उत्तर पंचांगात आहे. परिधीचा नित्य उपयोग देशांतरसंस्कारापुरता. उज्जयिनीच्या मध्यरेषेपासून शहापूर सुमारे २५६ किलोमीटर पश्चिमेस, म्हणजे कालाने सुमारे २४ पळे. हात १८ इंचांचा धरून ही योजने ४९६७ च्या परिधीने संस्कारिली, तर चंद्राच्या स्थानात अडीच कलांहून कमी चूक पडते, व तिथी सुमारे ११ पळांनी, म्हणजे साडेचार मिनिटांनी, ढळते. घटिकापात्रावर काल मोजणाऱ्या गावच्या जोशास ती दिसण्याचा संभव नव्हता. व्यवहाराने ज्या अंकाची परीक्षा घेतली नाही, तो अंक ग्रंथातून ग्रंथात उतरत गेला.

येणेप्रमाणे निष्कर्ष असा की, गोलत्वाचे ज्ञान, अक्षांशांचा वेध व त्रैराशिकाची उपपत्ती ही आमच्या आचार्यांची खरी संपत्ती होय. परिधीचा अंक हा तिचा पुरावा नव्हे. योजनाची खरी लांबी ठरवावयाची तर ती परिधीवरून उलट न काढता स्वतंत्र साधनांनी ठरविली पाहिजे. येथेच संग्राहकांचे साहाय्य हवे. करणग्रंथांच्या पोथ्या, सारण्या व जुनी हस्तलिखित पंचांगे यांच्या समासांत वा अखेरच्या पत्रांवर गावाचे नाव, पलभा व देशांतरयोजने लिहिलेली आढळल्यास ती जशीच्या तशी उतरून प्रसिद्ध करावी. त्या गावाचे खरे अंतर आज नकाशावरून कळते. त्यास लिहिलेल्या योजनांनी भागिले की लेखकाने व्यवहारात कोणते योजन धरले होते हे हाती येईल. पोथीचे मुख्य प्रकरण छापले जाते आणि असली पत्रे निरुपयोगी म्हणून टाकली जातात. ती टाकू नयेत, एवढीच प्रार्थना आहे.