पायाजवळची पोलादी भिंत

मॅन्युअल गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये घंटेच्या आकाराचं एक आवरण असतं. त्याला म्हणतात बेलहाउसिंग. आत फ्लायव्हील आणि क्लच गरगरत असतात, आणि ड्रायव्हरचे पाय तिथून हातभर अंतरावर.

आता एक हिशोब करा. 14 इंची फ्लायव्हील, मिनिटाला 7000 फेरे. कडेचा वेग ताशी जवळपास 470 किलोमीटर. ट्रकचं इंजिन 4000 फेऱ्यांवर दमतं. तेच बिडाचं फ्लायव्हील 7000वर नेलं, तर त्यातली ऊर्जा तिप्पट होते आणि त्याला फाडू पाहणारा ताणही. बीड दाब झकास सोसतं, ताण नाही. ते वाकत नाही, थेट फुटतं. कारखान्यातून आलेलं पातळ ॲल्युमिनियमचं बेलहाउसिंग अशा तुकड्यांना काय अडवणार?

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जुन्या गाड्यांत मोठी इंजिनं बसवून शर्यती लावायचं वेड पसरलं. 1951मध्ये वॉली पार्क्स यांनी एनएचआरए ही संघटना काढली, कारण पोरं रस्त्यावरच शर्यती लावत होती. क्लच फुटू लागले तेव्हा लोकांनी घरीच पोलादी पत्रे वाकवून आवरणं केली. वेल्डिंग कसं झालंय, हे फुटल्यावरच कळायचं!

सगळ्यांच्या लक्षात राहिली ती 8 मार्च 1970ची घटना. लाँग बीचजवळच्या लायन्स स्ट्रिपवर डॉन गार्लिट्स यांच्या ड्रॅगस्टरचा गिअरबॉक्स फुटला, गाडीचे दोन तुकडे झाले आणि त्यांच्या उजव्या पावलाचा काही भाग गेला. फुटला तो क्लच नव्हे, गिअरबॉक्स. पण धडा तोच. गार्लिट्सनी पुढची गाडी इंजिन स्वतःच्या पाठीमागे ठेवून बांधली आणि 1971मध्ये पोमोनाला जिंकून दाखवली.

पण पिकअपवाला इंजिन कुठे हलवणार? त्याला भिंतच हवी. 1978मध्ये उभ्या राहिलेल्या एसएफआय फाउंडेशनने अशा भिंतींसाठी मानकं ठरवली. बेलहाउसिंगचं मानक 6.1. फ्लायव्हील फुटणारच नाही, असं वचन हे मानक देत नाही. फुटलं तर तुकडे आत राहावेत, एवढंच मागतं. मला हा प्रामाणिकपणा आवडतो.

खरी गंमत बसवताना येते. 1968 ते 1991 निघालेला जीएमचा एसएम 465 हा ट्रकचा गिअरबॉक्स पाऊणशे किलोहून जड, पहिला गिअर 6.55चा. त्याच्या तोंडावरच्या बेअरिंग रिटेनरचा व्यास 5.125 इंच. कारसाठीच्या बेलहाउसिंगचं भोक सुमारे 4.686 इंच. कुणालाही वाटेल, लेथवर भोक मोठं करू. पण कापलेल्या बेलहाउसिंगवरचं प्रमाणपत्र म्हणजे नुसतं स्टिकर. म्हणून बदल करायचा तो रिटेनरच्या बाजूने.

मग इंजिन आणि बेलहाउसिंग यांच्यामध्ये पोलादी ब्लॉक प्लेट घालायची, म्हणजे पुढची बाजूही बंद होते. क्रँकवर डायल गेज लावून भोकाच्या कडेने फिरवायचा. काटा 0.005 इंचाहून जास्त हलला, तर त्याच्या निम्म्या मापाच्या ऑफसेट डॉवेल पिना लावून पुन्हा मोजायचं. कंटाळवाणं काम आहे, अर्धा दिवस सहज जातो. आणि हे सगळं गिअरबॉक्स वर उचलण्याआधी.