न कढलेली कढी

पोलादपूर-महाडकडच्या माणसाला समुद्र दाखवला तो सावित्रीने. महाबळेश्वरी उगम पावलेली ही नदी पोलादपूर, महाड मागे टाकून दासगावपुढे खाडी होते आणि एका हाताला बाणकोट, दुसऱ्या हाताला हरिहरेश्वर ठेवून समुद्राला मिळते. मित्रमंडळी जमवून टोळ फाट्यावरून आंबेतकडे गाडी वळवली की तिची संगत सुरू होते. पुढे श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर. नाहीतर बागमांडल्याच्या फेरीबोटीतून पलीकडे वेळास, केळशी. तिथे काय खायचं यावर आमच्यात कधी वाद होत नाही. तळलेला मासा, तांदळाची भाकरी, सोलकढी, मधेच एखादं शहाळं, आणि संध्याकाळी पुळणीवर गरम भजी.

पुळणीवरच म्हणायचं. संस्कृतातलं पुलिन म्हणजे पाण्याकाठची वाळू, त्याची कोकणात पुळण झाली. इतका नेमका, पायाला लागणारा शब्द घरात असताना पाट्यांवर सगळीकडे ‘बीच’ का दिसावा, हे मला आजवर कळलेलं नाही.

आता सोलकढी. ज्या घरी जेवायला उतरतो तिथे ती समोरच होते. आमसुलं कोमट पाण्यात भिजत घातलेली असतात, पाणी गडद लाल होतं. खवलेला नारळ पाणी घालून वाटतात, पंचातून पिळून काढतात. पहिलं दूध घट्ट, दुसरं पातळ. लसूण, हिरवी मिरची आणि मीठ ठेचून त्यात. मग आमसुलाचं पाणी दुधात ओतलं की पांढऱ्यावर लाल रेघा उमटतात आणि डाव फिरवताच सगळं एकदम गुलाबी होतं. या सगळ्यात चूल कुठेही नाही. आणि कढी हा शब्द तर कढण्यातून आलेला! संस्कृत क्वथ् म्हणजे उकळणे, प्राकृतात त्याचं कढ झालं. त्यातूनच आपलं कढणं, कढत, आणि क्वाथावरून आलेला काढा. ताकाची कढी खरोखर कढते, म्हणून तिचं नाव सार्थ. सोलकढीने मात्र तिचं पातळपण, भाताशी असलेलं नातं आणि आंबटपणा घेतला नि आच तेवढी सोडून दिली. नाव कृतीला चिकटून राहतं, कृती पुढे निघून जाते.

सोल म्हणजे साल. रातांब्याची साल वाळवून तिला त्याच फळाच्या रसाची पुटं देतात, त्याचं आमसूल होतं. रातांबा हा तर मला या किनाऱ्यावरचा सर्वांत देखणा शब्द वाटतो. त्यातल्या ‘रात’चा रात्रीशी काही संबंध नाही. संस्कृत रक्त, प्राकृत रत्त, जुन्या मराठीत राता, म्हणजे तांबडा. उरलेला आंबा कोणता, हा खरा पेच. संस्कृत आम्र प्राकृतात अंब झाला आणि आपल्याकडे आंबा झाला. संस्कृत आम्लाचंही मराठीत आंबच झालं. आंबट, आंबवणे, आंबोळी ही त्याचीच प्रजा. दोन वेगळे शब्द झिजत झिजत एकाच ठिकाणी येऊन बसले. त्यामुळे रातांबा म्हणजे तांबडा आंबा म्हणा किंवा तांबडं आंबट म्हणा, दोन्ही अर्थ फळाला शोभतात. ज्याने प्रथम हे नाव ठेवलं त्याच्या मनात आंब्याचा रंग होता की जिभेवरचा झणका, हे आता वेगळं काढता येत नाही. मला दुसरा अर्थ जवळचा वाटतो, कारण या फळाशी आपलं सगळं नातं आंबटाचं आहे.

त्याचंच कोकम सरबत. कोकम इथल्या मातीतलं, आणि सरबत अरबी. शर्ब म्हणजे पिणं, त्यावरून शरबत. श्रीवर्धन तर जंजिऱ्याच्या सिद्दीच्या अमलात होतं, आणि या बंदरांचा अरबस्तानाशी व्यवहार त्याहूनही जुना. पेल्यातले हे दोन शब्द इतके एकजीव झाले आहेत की सांधा दिसत नाही.

मासा मात्र फार जुना, आणि पुरता घरचा. संस्कृत मत्स्य, प्राकृत मच्छ, मराठी मासा. हिंदीने तो छ जपला, म्हणून तिकडे मछली. मराठीने त्याचा स केला. हे एका शब्दापुरतं नाही. क्षुरिकेची हिंदीत छुरी झाली, आपल्याकडे सुरी. इक्षूचं प्राकृत उच्छु, आपला ऊस. मक्षिकेची मच्छिआ, आपली माशी. श्रीवर्धनच्या मासळीबाजारात उभं राहिलं की पाटीतला मासा, त्यावरची माशी, कापणाऱ्या बाईच्या हातातली सुरी आणि रस्त्यापलीकडचं उसाचं गुऱ्हाळ एकाच नियमाने एकाच ओळीत येतात. फ्रेंच पंडित झ्यूल ब्लोक याने गेल्या शतकाच्या सुरुवातीला मराठीच्या घडणीवर ग्रंथ लिहिला, त्यात असे ध्वनिबदल बारकाईने लावून दाखवले आहेत. आणि मराठीचे अगदी जुने लेखी पुरावेही याच किनाऱ्यावरचे: अलिबागजवळचा आक्षीचा शिलालेख शके 934 चा, म्हणजे इ.स. 1012 चा, तर दिवेआगरचा ताम्रपट शके 982 चा, इ.स. 1060 चा. उकडीचे मोदक खायला आपण ज्या गावात शिरतो, त्या गावाने मराठी जवळजवळ हजार वर्षांपूर्वी तांब्यावर कोरून ठेवली आहे. तिथल्या वाड्यांतली पोफळ म्हणजे संस्कृत पूगफल.

तळणाला येणाऱ्या माशांची नावं तितकी जुनी नाहीत. पापलेट इंग्रजी पॉम्फ्रेटच्या वाटेने आलं, आणि त्याच्याही मागे पोर्तुगीज पांपो असावा असं कोशकार मानतात. दक्षिण कोकणात त्याला सरंगा म्हणतात. 2023 मध्ये चंदेरी पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला, तेव्हा सरंगा हे नावही शेजारी लिहिलेलं पाहायला मला आवडलं असतं. सुरमई हे मुळात रंगाचं नाव, सुरम्यासारखा निळसर करडा. माशाची पाठ उन्हात धरली की पटतं. बोंबलाने उलटा प्रवास केला. इंग्रजांनी त्याचं बमेलो केलं, पुढे ‘बॉम्बे डक’. मुंबईच्या डाकगाडीतून सुके बोंबील जायचे, वासावरून गाडीचं नाव माशाला पडलं, ही गोष्ट लोक रंगवून सांगतात. पण आगगाडी सुरू झाली 1853 साली, आणि इंग्रजी लिखाणात हे नाव त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. गोष्ट गोड असली तरी सोडून द्यायला हवी.

आम्हा आतल्या गावच्यांना बोंबील आधी सुकाच ठाऊक. पोलादपूरच्या बाजारात सुकट, जवळा, सोडे, सुके बोंबील यांच्या पाट्या लागतात आणि पावसाळ्याची बेगमी त्यातून होते. शुष्क, सुक्क, सुका, सुकट अशी ही ओळ. ताजा, लुसलुशीत बोंबील रवा लावून तळलेला प्रथम हरिहरेश्वरी खाल्ला तेव्हा लहानपणापासून ओळखीच्या नावामागे हा वेगळाच प्राणी निघाला होता.

संध्याकाळची भजी. कांद्याची असोत की बटाट्याची, तेलात तळलेली. पण नाव भाजण्याचं. संस्कृतात भृज्ज् या धातूत भाजणं आणि परतणं दोन्ही मावत होतं. मराठीने कामं वाटून घेतली, तरी भाजी, भजी, भाजणी हे कुटुंब एकाच आडनावाचं राहिलं. भज्यातला बटाटा मात्र दूरचा पाहुणा. कॅरिबियन बेटांवरच्या लोकांच्या बोलीतला बताता हा शब्द, तोही मुळात रताळ्याचा, स्पॅनिश-पोर्तुगीजांनी उचलला आणि आपल्यापर्यंत आणला. उत्तरेत या नव्या कंदाला आलू हे जुनं संस्कृत नाव दिलं गेलं. पश्चिम किनाऱ्याने वस्तूबरोबर नावही ठेवून घेतलं. पाव तसाच, पोर्तुगीज. काजू आणि अननस ब्राझीलकडच्या तुपी-ग्वारानी लोकांचे, आणणारे हात पुन्हा पोर्तुगीजांचेच. हे हात इथून लांबचे नव्हेत. चौल-रेवदंड्याला त्यांची वस्ती होती, आणि तिथल्याच खाडीपलीकडे कोर्लईत पोर्तुगीजवर वाढलेली, नो लिंग नावाची बोली आजही घराघरांत बोलली जाते. नो लिंग म्हणजे आमची भाषा.

मिरचीच्या बाबतीत नेमकं उलट घडलं. तीही त्याच जहाजांतून आली, पण तिचं परकं नाव आपण घेतलंच नाही. तिखटाला आपल्याकडे मरिच होतं, मिरं होतं. त्याचंच नाव नव्या पाहुणीला दिलं आणि ती इतकी घरची झाली की काळी मिरी आता तिच्यापुढे मसाल्याच्या डब्यात मागे पडली. बटाटा नाव घेऊन आला, मिरचीला आपण नाव दिलं. एकाच भज्यात दोन्ही रीती.

नारळाकडे वळावं तर तिथे नावांची नासाडी दिसते. पूर्वी कोकणी माणूस शहाळं, आडसर आणि नारळ असे टप्पे ओळखत असे. आडसर म्हणजे धड कोवळं नाही, धड पिकलेलं नाही. पाणी थोडं, खोबरं मऊ पण जाडसर. आता विक्रेता कोयता हातात घेऊन विचारतो, “पाणीवाला की मलईवाला?” खाणाऱ्याला हवं ते मिळतं हे खरं. पण आडसर गेलं की त्या नारळाच्या वयाला नाव उरत नाही, याचं मला वाईट वाटतं. मी मुद्दाम तोच शब्द वापरून मागतो, आणि गाडीवरची म्हातारी माणसं लगेच बरोबर फळ उचलतात.

राहिलं मीठ, ज्याच्यावाचून यातलं काहीच नाही. हा शब्द संस्कृत मिष्टाचा वंशज, आणि मिष्ट म्हणजे गोड! हिंदीत मीठा गोडच राहिला. मराठी आणि गुजरातीत मात्र ज्याने अन्नाला गोडी येते ते मीठ, मीठुं. इथे गोडी म्हणजे साखर नव्हे, चव. खाडीकाठच्या मिठागरांतलं हे मीठ पडाव-होड्यांतून महाडपर्यंत येई आणि तिथून बैलांच्या पाठीवर वरंध घाट, पारघाट चढून देशावर जाई. सुकी मासळी आणि नारळही त्याच वाटेने. मूळचं लवण मराठीच्या रोजच्या बोलण्यातून उठलं, पण पुरतं गेलं नाही. लोणच्यात ते आहे. आणि भाकरीचा पहिला घास घेऊन एखादा मित्र “कालवण अळणी झालंय” म्हणतो, तेव्हा तो अलवण हाच शब्द उच्चारत असतो.