हैदराबादेत मूल शाळेत गैरहजर राहिलं तर? पालकांची जबाबदारी किती, शाळेची किती

नांदेड, लातूर, उदगीर, देगलूर, धर्माबाद या भागांतून कामधंद्यासाठी हैदराबादला गेलेली कुटुंबं हजारोंनी आहेत. काही पिढ्यांपासून तिथलीच झाली, काही वर्षातले आठ महिने तिथे आणि चार महिने गावाकडे असतात. या दुसऱ्या गटातल्या मुलांच्या हजेरीचा प्रश्न दरवर्षी निघतो. "शाळेनं नाव कापलं", "दंड होईल म्हणतात", "टीसीशिवाय घेत नाहीत" अशा तीन तक्रारी नेहमी कानावर येतात. यात खरं किती ते पाहू.

कायदा काय सांगतो

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. महाराष्ट्र असो की तेलंगण, ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी मूळ कायदा हाच.

कलम १० प्रमाणे मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य आहे. राज्यघटनेच्या कलम ५१-क मध्येही २००२ च्या दुरुस्तीनं हे कर्तव्य आलं. पण या कायद्यात पालकाला दंड किंवा शिक्षा नाही. "सक्ती" आहे ती मुख्यतः सरकारवर. मुलाचा प्रवेश, हजेरी आणि आठवीपर्यंतचं शिक्षण पूर्ण होतं की नाही, हे बघायची जबाबदारी कलम ८ आणि ९ नं सरकार व स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे.

शिक्षकांचंही काम ठरलेलं आहे. कलम २४ नुसार पालकांच्या नियमित बैठका घेऊन मुलाची हजेरी आणि प्रगती सांगायची. म्हणजे मूल महिनाभर आलं नाही आणि घरी कुणी विचारलंच नाही, तर चूक एकट्या पालकाची धरता येत नाही.

नाव कापता येतं का?

आठवीपर्यंत नाही. कलम १६ प्रमाणे प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाचवी आणि आठवीला नापास करायची मुभा राज्यांना मिळाली, तरी काढून टाकायची नाही.

दंडाची गोष्ट आली कुठून?

आपल्याकडे ती जुनी आहे. सयाजीराव गायकवाडांनी बडोदा संस्थानात १९०६ मध्ये सक्तीचं शिक्षण राज्यभर लागू केलं, तेव्हा मूल न पाठवणाऱ्या पालकाला दंड होता. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या १९१७ च्या कायद्यात महिन्याला एक रुपया दंड होता. इंग्लंडमध्ये आजही आहे. तिथे २०२४ पासून विनापरवानगी गैरहजेरीसाठी प्रत्येक पालकाला ८० पौंडांची नोटीस येते आणि २१ दिवसांत भरली नाही तर रक्कम १६० पौंड होते.

हैदराबादेत वेगळा मार्ग गाजला. शांता सिन्हा यांच्या एम. व्ही. फाउंडेशननं १९९१ पासून रंगारेड्डी जिल्ह्यात कामावर जाणाऱ्या मुलांना शाळेत आणायचं काम सुरू केलं. पालकांवर खटले न भरता घरोघरी बोलणं, मागे पडलेल्या मुलांसाठी शिबिरं आणि मग वयाप्रमाणे वर्गात प्रवेश, अशी ती पद्धत होती. सिन्हांना २००३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. "वयाप्रमाणे वर्ग आणि त्यासाठी खास प्रशिक्षण" ही तरतूद आज कायद्याच्या कलम ४ मध्येच आहे.

कामाला लावलं तर मात्र प्रकरण वेगळं

१४ वर्षांखालच्या मुलाला हॉटेल, दुकान, बांधकामावर ठेवणं गुन्हा आहे. मालकाला सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा २० ते ५० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. पालकाला पहिल्या वेळी शिक्षा नाही, पुन्हा तसंच केलं तर १० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. शाळेनंतर किंवा सुट्टीत घरच्या, धोका नसलेल्या धंद्यात हातभार चालतो. तेलंगण पोलीस दरवर्षी जानेवारीत ऑपरेशन स्माईल आणि जुलैत ऑपरेशन मुस्कान राबवून अशी मुलं सोडवतात.

खरी अडचण: सुट्ट्यांचं न जुळणारं गणित

तेलंगणात मोठी सुट्टी दसरा-बतुकम्माला आणि नंतर संक्रांतीला. दिवाळीला जेमतेम एक-दोन दिवस. आपली माणसं मात्र दिवाळीलाच गावी येतात. उन्हाळी सुट्टीही तिथे साधारण २४ एप्रिलपासून आणि शाळा १२ जूनला सुरू.

हिशेब मांडून बघा. दहावीला सीबीएसई असो की राज्य मंडळ, ७५ टक्के हजेरी लागते. २२० दिवस शाळा धरली तर १६५ दिवस हजर पाहिजे, खाडे फार तर ५५. दिवाळीचे १२, गणपतीचे ८, लग्नसराईचे १०, आजारपणाचे १० झाले की ४० संपले. उरले १५. त्यात शेतीच्या कामाला गावी जाणं झालं की मूल काठावर येतं. आजारपण असेल तर डॉक्टरांचे कागद वेळेत द्या, तेव्हाच सवलतीचा विचार होतो.

दुसरं कारण भाषेचं. तेलंगणात २०१८ च्या कायद्यानं पहिली ते दहावी तेलुगू सक्तीची आहे. मराठी शाळेतून थेट चौथी-पाचवीत गेलेलं मूल तेलुगूच्या तासाला गप्प बसतं आणि मग पोटात दुखायला लागतं. मुलाला रागावण्याआधी हे एकदा विचारून बघा.

पालकांनी काय करायचं

- गावी जायच्या आधी लेखी अर्ज द्या, परतायची तारीख लिहा, पोच घ्या.
- शाळा बदलताना टीसी (शाळा सोडल्याचा दाखला) आणि मुलाचा कायम शिक्षण क्रमांक मागून घ्या. जुन्या शाळेनं यूडायस पोर्टलवर नाव सोडलं की नाही, तेही विचारा. नाही तर नव्या शाळेत नोंद अडकते.
- टीसीला उशीर झाला म्हणून आठवीपर्यंत प्रवेश नाकारता येत नाही (कलम ५). जन्मदाखला नाही म्हणूनही नाही (कलम १४).
- मोसमी स्थलांतर असेल तर महाराष्ट्रातल्या शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्या. जमत असेल तर मुलाला आजी-आजोबांकडे ठेवून गावातल्या हंगामी वसतिगृहाची सोय बघा.
- सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. परप्रांतातले म्हणून मागे राहू नका.
- शाळा ऐकत नसेल तर तिथे मंडल शिक्षणाधिकारी (एमईओ), मग जिल्हा शिक्षणाधिकारी (डीईओ). आपल्याकडे गटशिक्षणाधिकारी. मूल कामावर अडकलं असेल तर १०९८.

आंध्रात ७५ टक्के हजेरीवर आईच्या खात्यात पैसे देणारी 'अम्मा वोडी' योजना २०२० मध्ये आली होती. ती तेलंगणाची नव्हे. त्या नावानं हैदराबादेत कुणी फॉर्म भरायला पैसे मागत असेल तर देऊ नका.

कायद्यात पालकाला शिक्षा नाही, म्हणून गैरहजेरी फुकट जात नाही. तिची किंमत मूल दहावीच्या उंबरठ्यावर मोजतं. महिन्याच्या शेवटी शाळेत एक चक्कर टाकून हजेरीचा आकडा विचारायला पाच मिनिटं लागतात.