हमी कोणाची, जोखीम कोणाची?

दिल्लीहून पाटण्याकडे जाणारी गाडी आरा स्थानक सोडल्यावर कोईलवरच्या पुलावरून शोण नद ओलांडते आणि थोड्याच वेळात बिहटा नावाचे एक स्थानक मागे पडते. सरकारी कामानिमित्त या मार्गाने माझे अनेकदा जाणे झाले आहे. कोईलवरचा पूल ईस्ट इंडियन रेल्वे कंपनीने १८६० च्या दशकाच्या आरंभी बांधला. दीडशेहून अधिक वर्षे झाली, तरी त्यावरून गाड्या धावत आहेत. बिहट्याजवळ मात्र १७ जुलै १९३७ रोजी हावड्याकडे जाणारी एक्सप्रेस रुळांवरून घसरली आणि शंभराहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. त्या गाडीला एक्स-बी जातीचे, त्या काळात नवे आणि आधुनिक समजले जाणारे इंजिन जोडलेले होते.

पूल आणि इंजिन या दोन्ही गोष्टी परक्या भांडवलातून, परक्या तंत्रज्ञानातून आणि परक्या सल्ल्यातून या देशात आल्या. त्यामुळे ‘परके ते वाईट’ असा सोपा निष्कर्ष काढून चालणार नाही. प्रश्न निराळा आहे. एखादा देश भांडवल आणि तंत्रज्ञान बाहेरून आणतो, तेव्हा सल्ला कोण देतो, आणि तो सल्ला चुकला तर नुकसान कोणाच्या पदरात पडते? आपल्या रेल्वेच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर फार स्पष्टपणे लिहिलेले आहे. आम्हा प्रशासकांनी ते पुरेसे वाचलेले नाही, असे मला वाटते.

मुंबईत १८४५ च्या सुमारास रेल्वेचा विचार सुरू झाला. नाना शंकरशेट आणि जमशेटजी जिजीभाई हे त्यात अग्रभागी होते आणि लंडनमध्ये जॉन चॅपमन हा गृहस्थ ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेसाठी खटपट करीत होता. अडचण एकच होती. लंडनच्या भागधारकाला हिंदुस्थान दूरचा आणि अनोळखी वाटत असे. निश्चित उत्पन्नाची खात्री मिळाल्याशिवाय तो पैसा सोडण्यास तयार नव्हता. अखेर १७ ऑगस्ट १८४९ रोजी ईस्ट इंडिया कंपनीने दोन रेल्वे कंपन्यांशी करार केले. गुंतविलेल्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी सरकारने दिली. जमीन ९९ वर्षांसाठी फुकट मिळाली. नफा पाच टक्क्यांच्या वर गेल्यास त्या जादा रकमेचा निम्मा भाग सरकारने आधी दिलेल्या व्याजाच्या फेडीसाठी जायचा होता. कंपनीला सहा महिन्यांची सूचना देऊन रेल्वे सरकारच्या हवाली करता येत होती आणि घातलेले भांडवल परत मागता येत होते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या कराराचा दोष सांगावा लागत नाही. हमी होती ती खर्च झालेल्या भांडवलावर. मैलाला दहा हजार पौंड लागोत वा वीस हजार, भागधारकाचे पाच टक्के सुरक्षितच होते. किंबहुना जितका खर्च अधिक, तितकी हमीची रक्कम अधिक. घराचा पूर्ण विमा उतरविलेला मनुष्य चुलीतल्या निखाऱ्यांकडे जरा कमी लक्ष देतो, तसलाच हा प्रकार. माजी अर्थसदस्य मेसी यांनी १८७२ मध्ये पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष देताना हेच सांगितले. हमी मिळाल्यावर आपला पैसा विटा-चुन्यात गेला काय किंवा हुगळीच्या पाण्यात गेला काय, लंडनच्या भांडवलदाराला त्याचे सुखदुःख नव्हते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

सरकारला हा धोका अगदीच कळला नव्हता असे नाही. त्यावर उपाय म्हणून सरकारी सल्लागार अभियंता हे पद निर्माण झाले. कंपनीचा प्रत्येक आराखडा, प्रत्येक मोठा खर्च या अधिकाऱ्याच्या संमतीने व्हावा, अशी योजना होती. आज आपण ज्याला ‘देखरेख यंत्रणा’ म्हणतो, तिचाच हा पूर्वज. पण या पदापाशी नकाराचा अधिकार होता, काटकसरीचे कारण मात्र कोणापाशीच नव्हते. कंपनीचे अभियंते आणि सरकारचे अभियंते यांच्यात पत्रव्यवहार वाढला, कामे रेंगाळली आणि खर्च काही कमी झाला नाही. आरंभी मैलाला सुमारे ८ हजार पौंड खर्च येईल असा अंदाज होता, प्रत्यक्षात सरासरी १८ हजारांच्या घरात गेली. हमीचे व्याज पौंडात द्यायचे होते आणि महसूल रुपयांत जमा होत होता. १८७० च्या सुमारास दोन शिलिंगांच्या आसपास असलेला रुपया १८९० च्या दशकात सव्वा शिलिंगाच्याही खाली उतरला, तेव्हा हा भार आणखी वाढला. तो सोसला इथल्या शेतसारा भरणाऱ्याने. लंडनच्या सभागृहात झालेल्या कराराची खबरही त्याला नव्हती.

भोर घाटाचे काम १८५६ ते १८६३ या काळात झाले. ऐन भरात असताना चाळीस हजारांहून अधिक मजूर तेथे राबत होते आणि पटकीने व अपघातांनी त्यांच्यातले कित्येक दगावले. हे काम स्थापत्यशास्त्रातील मोठे साहस होते, हे निर्विवाद. पण १८६७ च्या पावसाळ्यात त्याच घाटातील महू-की-मळीचा दगडी पूल कोसळला. चौकशीत बांधकाम निकृष्ट असल्याचे उघड झाले आणि त्या मार्गावरील इतर अनेक पुलांची तपासणी करावी लागली. ठेकेदार होता, कंपनीचे अभियंते होते, सरकारचे सल्लागार अभियंतेही होते. देखरेखीचे तीन थर असूनही चुन्याचा कस पाहण्याचे काम राहून गेले होते. ज्या फायलीवर पुष्कळ सह्या असतात तिची जबाबदारी कोणाचीच नसते, हा अनुभव आम्हाला नवा नाही.

व्हाइसरॉय लॉर्ड लॉरेन्स यांनी जानेवारी १८६९ मध्ये आपल्या टिपणीत नेमके बोट ठेवले. नफा सगळा कंपन्यांकडे जातो आणि तोटा सगळा सरकारकडे येतो, हे त्यांचे म्हणणे. त्यानंतर सरकारने काही काळ स्वतः रेल्वे बांधण्याचे धोरण घेतले, पुढे पुन्हा कंपन्यांना सवलती दिल्या. ईस्ट इंडियन रेल्वे सरकारने १८८० मध्ये आणि ग्रेट इंडियन पेनिन्सुला १९०० मध्ये विकत घेतली, तरी कारभार कंपन्यांच्याच हाती राहिला. तो सरकारकडे आला १९२५ मध्ये.

या साऱ्याकडे त्या काळी बारकाईने पाहणारा एक मराठी अभ्यासक होता. रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी हे पेशाने शिक्षक, सरकारी शाळांतून नोकरी करणारे. १८८० च्या दशकात सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात त्यांनी रेल्वेवर लिहिले. रेल्वे नको, असे त्यांचे म्हणणे नव्हते. इंग्लंडात रेल्वेमुळे लोखंड, यंत्रे, कारखाने आणि कुशल कामगार वाढले. इथे रुळ, इंजिने आणि अभियंते तिकडून येत असल्यामुळे ती वाढ तिकडेच झाली, आणि हमीच्या रूपाने तिचा खर्च मात्र इथल्या रयतेने दिला, हा त्यांचा मुद्दा होता. जमालपूरच्या कारखान्याने १८९९ मध्ये इंजिन बांधून दाखविले होते. अजमेरने ते त्याहीपूर्वी, १८९५ मध्ये केले होते. म्हणजे हात होते, कौशल्यही होते. तरीदेखील स्वातंत्र्यापूर्वी या देशात जेमतेम सातशे इंजिने बांधली गेली आणि ब्रिटनमधून आली ती बारा हजारांहून अधिक.

आता पुन्हा बिहट्याकडे वळतो. १९२० च्या दशकात हिंदुस्थानी रेल्वेसाठी इंजिनांचे नवे नमुने ठरले. त्यांची रचना लंडनच्या सल्लागार अभियंत्यांच्या कचेरीत झाली. एक्स-बी हा त्यांपैकी एक नमुना. आधी थोडी इंजिने आणून आपल्या रुळांवर, आपल्या हवेत, आपल्या देखभालीत ती कशी चालतात हे पुरेसे पाहण्यापूर्वीच ती मोठ्या संख्येने मागविली गेली. वेगात ती डोलतात आणि रुळ वाकवितात, अशा तक्रारी येत राहिल्या. बिहट्याच्या अपघातानंतर कर्नल माउंट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि या इंजिनांचे दोष सविस्तर नोंदले गेले. ज्यांनी रचना केली ते सहा हजार मैलांवर होते. ज्यांना दोष दिसत होता त्यांच्या हाती रचना बदलण्याचा अधिकार नव्हता. आणि गाडीत बसलेल्या प्रवाशाला यातले काहीच ठाऊक नव्हते.

याच काळात, याच देशात, परक्या सल्ल्याचा एक निराळा प्रयोगही झाला. जमशेटजी टाटांनी पोलाद कारखान्यासाठी अमेरिकेतून चार्ल्स पेज पेरिन या सल्लागार अभियंत्याला आणले, त्याच्या वतीने वेल्ड हा भूगर्भतज्ज्ञ रानोमाळ हिंडला. मयूरभंजच्या लोहखनिजाकडे लक्ष वेधले ते प्रमथनाथ बोस या भारतीय भूगर्भशास्त्रज्ञाने, १९०४ मध्ये. लंडनच्या बाजारात भांडवल जमेना, तेव्हा १९०७ मध्ये भाग मुंबईत विक्रीस काढण्यात आले आणि सुमारे तीन आठवड्यांत आठ हजार भारतीयांनी सोळा लाख पौंडांहून अधिक रक्कम भरली. १९१२ मध्ये साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, पोलाद तयार झाले. येथेही सरकारची एक प्रकारची हमी होती. दहा वर्षे दरवर्षी २० हजार टन रुळ घेण्याचे आश्वासन सरकारने दिले होते, पण ठरलेल्या कसोटीला उतरणारे आणि आयात मालाच्या भावात मिळणारे. खर्चाला हमी नव्हती, तयार मालाला होती. माल कसाला उतरला नाही तर नुकसान भागधारकाचे. सल्लागार परका होता, पण त्याला प्रश्न विचारणारा मालक स्वतःचा पैसा घालून समोर बसला होता. १८४९ आणि १९०७ यांतला खरा फरक मला एवढाच दिसतो.

आता थोडे स्वतःविषयी. काही वर्षांपूर्वी एका खात्यात असताना क्षेत्रीय कार्यालयांतील नोंदींच्या संगणकीकरणाचा प्रस्ताव माझ्यापुढे आला. एका नावाजलेल्या सल्लागार संस्थेने प्रकल्प अहवाल तयार केला होता. तिचे शुल्क प्रकल्पाच्या एकूण खर्चाच्या टक्केवारीवर ठरलेले होते. निविदेच्या अटीही तिनेच लिहिल्या होत्या. अहवाल देखणा होता, आकृत्या रंगीत होत्या. १८४९ चा करार मी विद्यार्थिदशेत वाचलेला होता आणि तो मला त्या दिवशी आठवलाही. मी टिपणीत दोन ओळींची शंका लिहिली आणि तिच्याखाली ‘सहमत’ लिहून सही केली. वर्षअखेर जवळ आली होती, निधी परत जाण्याची भीती होती, आणि ‘अडथळे आणणारा अधिकारी’ हे बिरुद कोणालाच नको असते. तीन वर्षांनी एका तक्त्यातील एक रकाना बदलण्यासाठीसुद्धा आम्हाला पुरवठादाराच्या दारात उभे राहावे लागत होते, कारण ती प्रणाली समजणारा एकही माणूस खात्यात तयार झालेला नव्हता. क्षेत्रीय कार्यालयातील लिपिक वही आणि संगणक अशा दोन्ही नोंदी ठेवीत रात्री उशिरापर्यंत बसत. पैसा गेला त्याहून मला त्यांचे ते बसणे अधिक लागले आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात रेल्वेने आपला धडा बऱ्याच अंशी गिरविला. चित्तरंजनचा कारखाना १९५० मध्ये सुरू झाला. १९५७ मध्ये लखनौला संशोधन, रचना आणि मानकांची संघटना उभी राहिली. बाहेरून आलेले इंजिन घ्यायचे की नाही, हे ठरविण्यापूर्वी ते आपल्या रुळांवर तपासून पाहणारी माणसे त्यामुळे घरात तयार झाली. १९७४ मध्ये स्थापन झालेली राइट्स ही तर रेल्वेचा सल्ला परदेशातही देऊ लागली. सल्ला विकत घेणे यात कमीपणा नाही. तो तपासण्याची शक्ती विकत घेता येत नाही, ती वर्षानुवर्षे पोसावी लागते.

घरापासून दूर राहणाऱ्या माझ्या मराठी वाचकांपैकी कित्येक जण, किंवा त्यांची मुले, आज मोठ्या सल्लागार आणि तंत्रज्ञान संस्थांत काम करतात. त्यांच्याविषयी माझ्या मनात आकस नाही. पेरिनसारखा सल्लागार ज्या देशाला मिळतो तो भाग्यवानच. पण फायलीच्या या बाजूला बसणाऱ्या माझ्या तरुण सहकाऱ्यांना मी हल्ली सांगतो की प्रस्ताव कितीही घाईचा असला तरी तीन गोष्टी लेखी विचारा. शुल्क खर्चावर आहे की फळावर? सल्ला चुकला तर सल्लागाराचे काय जाईल? आणि तो निघून गेल्यावर हे काम समजणारी आपली माणसे कोण, त्यांची नावे काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोरे असेल, तर सही करू नका. मी केली होती.